ताई म्हणते, आधी फोन उचल

माझी मावसबहीण नर्स आहे. पांढुर्णा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ती एकोणीस वर्षांपासून स्टाफ नर्स म्हणून काम करते. नोकरी सरकारी, म्हणून तिचं आणि दवाखान्याचं नाव लेखात टाकायचं नाही, ही तिची पहिली अट. दुसरी अट अशी की तिला 'देवदूत' वगैरे म्हणायचं नाही. "कोरोनात टाळ्या वाजवल्या ना, तेवढ्या पुरे झाल्या," ती म्हणाली. त्यामुळे या लेखात ती फक्त ताई आहे.

२०२५ ची दिवाळी. मी पुण्याहून सौंसरला घरी आलो होतो. बागेत आंबिया बहाराची संत्री रंगावर आली होती, शेतात कापसाची वेचणी सुरू होती. ताई ड्युटी संपवून फराळाला आली आणि चिवड्याची वाटी हातात घेण्याआधीच तिनं मला झापलं. कारण होतं जुलै महिन्यातलं.

बाबा ७३ वर्षांचे आहेत. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं होतं. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं होतं. हे कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. ७० वर्षांवरच्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. आई-बाबा सकाळच्या गाडीनं कार्ड काढायला गेले. बाबांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. पन्नास वर्षं फावडं आणि विळा धरलेली बोटं ती, रेषा राहिल्यात कुठे? मग ओटीपीचा मार्ग उरला. बाबांच्या आधारला मोबाईल नंबर माझा जोडलेला आहे, कारण आधार निघालं तेव्हा घरात मोबाईल माझ्याकडेच होता. ओटीपी पुण्याला माझ्या फोनवर आला. मी क्लायंटच्या मीटिंगमध्ये होतो. आईचे तीन मिस्ड कॉल पडले. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. मी तासाभरानं फोन केला तेव्हा दोघं परतीच्या बसमध्ये बसले होते.

"काही नाही रे, पुन्हा जाऊ," आई म्हणाली. मग पाऊस लागला, पोळा आला, फवारणी आली, आणि बाबांनी विषयच काढणं सोडलं. कमरेला पट्टा बांधून ते बागेत जात राहिले. क्रेट उचलला की खाली बसावं लागतं, हे मला दिवाळीत दिसलं. चार महिने मी रोज फोनवर "तब्येत कशी आहे?" विचारत होतो आणि ते "मस्त" म्हणत होते.

"तू दुसऱ्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर रात्री दोन वाजता उठून दुरुस्त करतो म्हणे," ताई म्हणाली. "मंग मायचा फोन दिवसा काहून उचलत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, ताई, तू जे बोलतेस ते मला लिहून घेऊ दे. आपल्या मंडळातल्या माझ्या वयाच्या सगळ्यांचे आई-बाप कुठल्या ना कुठल्या गावात असेच रांगेत उभे आहेत. ती तयार झाली. पुढच्या तीन संध्याकाळी ती बोलत होती, मी लिहून घेत होतो.

दोन राज्यांच्या मधला दवाखाना

आमचा भाग नकाशावर जरा विचित्र जागी आहे. सौंसरहून नागपूर सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, पांढुर्ण्याहून सुमारे १००. राजधानी भोपाळ दोन्हीकडून अडीचशे किलोमीटरच्या पुढे. १९५६ च्या आधी हा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आम्ही मराठी बोलत राहिलो आणि अर्ज हिंदीत लिहू लागलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसरचा भाग वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला.

जिल्हा झाल्यावर दवाखान्यात काय बदललं, असं मी विचारलं. ताईचं मत असं: "आधी बोर्ड बदलला. मंग शिक्के बदलले. माणसं सगळ्यात शेवटी येतात." पण ती जिल्ह्याच्या विरोधात नाही. पूर्वी कितीतरी कागदांसाठी छिंदवाड्याला जावं लागायचं. ज्याचा पाय गेलाय त्यानंच पाय गेल्याचं प्रमाणपत्र आणायला दिवस मोडून प्रवास करायचा. आता साहेब जवळ आले, तर उद्या डॉक्टरही येतील, अशी तिची आशा आहे.

तोपर्यंत तिच्या ड्युटीतला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द 'रेफर'. गंभीर पेशंट एक तर छिंदवाड्याच्या मेडिकल कॉलेजला जातो, नाहीतर नागपूरला. बहुतेक नातेवाईक नागपूर म्हणतात, कारण तिथं कुणाची तरी मावशी राहते, भाषा कळते, डबा मिळतो. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या दवाखान्यातही चालतं, हे मात्र अजून अनेकांना माहीत नाही. ताईच्या मते या योजनेतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि पोस्टरवर ती सगळ्यात बारीक अक्षरात असते.

सीमेची एक गंमतही तिनं सांगितली, अर्थात पेशंटसाठी ती गंमत नसते. १०८ ची ॲम्ब्युलन्स दोन्ही राज्यांत आहे, पण दोन्हींची व्यवस्था वेगळी. हद्दीजवळच्या शेतातून फोन लावला की कधी कधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि फोन दुसऱ्याच राज्यात लागतो. म्हणून ती गावातल्या पोट्ट्यांना सांगते, पहिलं वाक्य "लवकर या" असं बोलू नका. पहिल्या वाक्यात राज्य, जिल्हा आणि गाव सांगा.

ज्ञानेश्वर की ग्यानेश्वर

दुसऱ्या दिवशी तिनं मला माझ्या धंद्यावरून धरलं.

आमच्याकडे ज्ञानेश्वर नावाची माणसं गल्लोगल्ली सापडतील. मराठी माणूस इंग्रजीत हे नाव 'डी' अक्षरानं सुरू करतो. मध्य प्रदेशातला हिंदी बोलणारा ऑपरेटर 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' करतो, म्हणून तो 'जी'नं सुरू करतो. त्यामुळे एकाच माणसाचं आधार एका अक्षराचं आणि शाळेचा दाखला दुसऱ्या. 'ळ' तर हिंदीत नाहीच. काळे हिंदी कागदावर काले होतात, धवळे धवले होतात. त्यात आपली पद्धत म्हणजे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. तिकडच्या फॉर्मात मधल्या नावाला घरच नसतं, ते कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गायब होतं.

सगळ्यात हाल सुनांचे. वरूड, काटोल, नरखेडकडून लग्न होऊन आलेल्या मुलीचं आधार महाराष्ट्रातलं, माहेरच्या नावाचं. इथं आल्यावर तिला समग्र आयडी लागतो. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला ८ आकडी आणि प्रत्येक माणसाला ९ आकडी समग्र क्रमांक असतो. त्याच्याशिवाय पुढचं पान हलत नाही. "पोट्टी सात महिन्यांची पोटुशी असते," ताई म्हणते, "आणि कॉम्प्युटर म्हणते की ही बाई अस्तित्वातच नाही."

यावर मी शहाणपणानं म्हटलं की नावं जुळवायला तंत्र आहे. सारख्या उच्चाराची नावं ओळखणारी 'साउंडेक्स' नावाची पद्धत आहे, तिचं अमेरिकेतलं पेटंट १९१८ चं. ताई म्हणाली, "मंग लाव ना ज्ञानेश्वरले." मी लॅपटॉप उघडला आणि तिथंच करून पाहिलं. साउंडेक्समध्ये नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतात आणि बाकीच्या अक्षरांचे आकडे करतात. म्हणजे 'डी'नं सुरू होणारा ज्ञानेश्वर आणि 'जी'नं सुरू होणारा ग्यानेश्वर या पद्धतीत कधीच एक होणार नाहीत. ती पद्धत इंग्रजी नावांसाठी बनवलेली. आपल्या नावांसाठी आपल्यालाच नियम लिहावे लागतील: 'ज्ञ'चे दोन्ही उच्चार, 'ळ' आणि 'ल' एकच धरणं, मधलं नाव असलं-नसलं तरी चालणं. एखाद्या शनिवार-रविवारचं काम आहे. पण तक्रार रांगेत उभी असते आणि कोड लिहिणारा पुण्याच्या, बेंगळुरूच्या ऑफिसात बसलेला असतो. दोघांची गाठ पडत नाही. माझी पडली ती फराळामुळे.

"दिवस गेले" म्हणजे काय?

ताईचं खरं काम, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, भाषांतर करणं हे आहे. नवे डॉक्टर बऱ्याचदा हिंदी पट्ट्यातून येतात. शिकलेले, मेहनती पोरं असतात, पण आमची वऱ्हाडी वळणाची मराठी त्यांच्या पुस्तकात नसते.

एक आजी येऊन म्हणते, "सुनेले दिवस गेले." नवा डॉक्टर समजतो की दिवस निघून गेले, म्हणजे उशीर झाला. ताई सांगते, सर, ती गरोदर आहे. एखादी बाई हळू आवाजात म्हणते, "अंगावरून जाते." ते पांढरं जाण्याबद्दल किंवा रक्तस्रावाबद्दल असतं. पण "अंगावरून वारं गेलं" म्हणजे अर्धांगवायू, तिथं एक मिनिटही घालवायचा नाही. शब्दांत फरक एका वाऱ्याचा, पण एकीला तपासणीच्या टेबलावर न्यायचं असतं आणि दुसऱ्याला थेट ॲम्ब्युलन्समध्ये. कावीळ म्हटलं तर त्यांना पीलिया सांगावं लागतं, गोवर म्हटलं तर खसरा. "जीव घाबरून राहिला" असं म्हणणारा म्हातारा भ्यालेला नसतो. त्याला छातीत कसंतरी होत असतं, आणि त्याचा ईसीजी आधी काढायचा असतो.

"आता तुमच्या कॉम्प्युटरात पाहाय," ती म्हणाली. "तक्रारीची यादी येते, त्यातली एक निवडायची. त्या यादीत 'जीव घाबरते' कुठं आहे?"

यादीत नाही. मी स्वतः अशा याद्या बनवल्या आहेत, दवाखान्यासाठी नव्हे, विमा कंपनीसाठी. यादी बनवताना आम्ही कोणाला विचारतो? क्लायंटच्या मॅनेजरला. खिडकीपलीकडच्या आजीला कोणी विचारत नाही. ताईचा तोडगा सोपा आहे. यादी ठेवा, पण तिच्याखाली एक मोकळी जागा ठेवा आणि पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहू द्या. डॉक्टर वाचेल किंवा सिस्टरला विचारेल.

तिला आवडणारी यंत्रं

हे वाचून वाटेल की ताई तंत्रज्ञानावर रागावलेली आहे. तसं नाही. तिची आवडती यंत्रं आहेत, आणि त्यांच्याबद्दल ती शेजारच्या पोरांबद्दल बोलावं तशी बोलते.

पहिलं म्हणजे लसींचा फ्रिज. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. पूर्वी थर्मामीटर पाहून वहीत लिहायचे. आता तापमान मोजणारं यंत्र बसवलेलं असतं, आणि फ्रिज बिघडला की संबंधितांच्या मोबाईलवर मेसेज जातो. 'ईविन' नावाची ही व्यवस्था अगदी सुरुवातीला ज्या राज्यांत आली त्यात मध्य प्रदेश होता. "हे यंत्र माह्याकडून काही मागत नाही," ताई म्हणते. "ओटीपी नाही, फोटो नाही. आपलं काम करते आणि गरज पडली तरच आवाज देते." मी आजवर ऐकलेली चांगल्या सॉफ्टवेअरची ही सगळ्यात नेमकी व्याख्या आहे.

दुसरं यंत्र म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, कोरोनानंतर सगळीकडे आलेला. तिसरं म्हणजे सिकलसेलची तपासणी. हा आजार आमच्या भागात गोंड वस्त्यांमध्ये आणि इतरही समाजांत आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. गणित सरळ आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. म्हणून ताई लग्नाच्या घरी गेली की विचारते, "पत्रिका जुळली, कार्ड जुळवलं का?" आधी लोक चिडायचे. आता दोन-तीन घरांनी खरंच तपासणी करून घेतली, असं तिनं फार अभिमानानं सांगितलं.

तिला न आवडणारी गोष्ट एकच, तीच माहिती दोनदा लिहिणं. आधी रजिस्टरमध्ये, मग पोर्टलवर. "पोर्टल बंद पडलं तर रजिस्टर पायजे, आणि रजिस्टर आहे म्हणून पोर्टल नीट करायची घाई नाही," हे तिचं निदान. क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचं टोकन घ्यायची सोय तिला पटते. ज्याच्या हातात फोन आहे त्याची रांग वाचते. पण तिच्याकडच्या रांगेत निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याकडे, आणि नवरा बोरगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला. म्हणून यंत्राशेजारी एक माणूस उभा असला पाहिजे, असं ती म्हणते. यंत्र आलं म्हणून माणूस काढू नका, यंत्र आलं म्हणून माणसाला मोकळं करा.

खोकल्याचं औषध

तिसऱ्या संध्याकाळी ती फारशी हसली नाही. दिवाळीच्या जेमतेम काही आठवडे आधी आमच्या शेजारच्या परासिया भागात खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली होती. वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कितीतरी मुलांना नागपूरच्या दवाखान्यांत हलवलं होतं. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपच्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकोल हे विष ४८.६ टक्के सापडलं. चालण्याजोगी मर्यादा आहे ०.१ टक्का. हे रसायन मूत्रपिंड निकामी करतं.

"त्या लेकरांची लघवी बंद झाली होती," ताई म्हणाली. "आधी ताप, खोकला, जसा सगळ्यांनाच येते. मंग लघवी कमी. हे कोणाले दिसते? मायले दिसते. कोणत्या पोर्टलवर तो रकाना आहे?"

ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा सूचना काढली, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देऊच नयेत. त्या सिरपसारख्या मिश्रणावर चार वर्षांखाली वापर नको, अशी सूचना तर डिसेंबर २०२३ मध्येच निघाली होती. सूचना निघाली आणि बाटली दुकानात राहिली, या दोन गोष्टींमधल्या अंतरात मुलं गेली.

दोष कोणाचा, हे तपास आणि कोर्ट ठरवेल, ताईला त्यात पडायचं नाही. तिचं मत आपल्याबद्दल आहे. आपल्याला डॉक्टरनं काही दिलं तरच तो डॉक्टर वाटतो. "पाणी पाजा, वाफ नको, नाक साफ ठेवा, दोन दिवसांनी दाखवा" असं म्हणून रिकाम्या हातानं पाठवणाऱ्या डॉक्टरच्या नावानं आपण बोटं मोडतो आणि समोरच्या दुकानातून बाटली घेतो. पुण्याची शिकलेली सूनही हेच करते, फरक एवढाच की ती आधी मोबाईलवर शोधते. "डॉक्टरनं औषध दिलं नाही तर त्याचे पैसे जास्त द्यायला पायजेत," असं ती म्हणते. मला आधी तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

गोटमारीची ड्युटी

पांढुर्ण्याच्या दवाखान्याचं बोलायचं आणि गोटमार वगळायची, हे होणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावं एकमेकांवर दगड मारतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी माणसंही गेली आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबराचे चेंडूही देऊन पाहिले. लोकांनी ते घेतले आणि दगडच मारले. त्या दिवशी नदीकाठी तात्पुरते दवाखाने उभे राहतात, आजूबाजूच्या ठिकाणांहून डॉक्टर, नर्स, ॲम्ब्युलन्स येतात.

ताईनं कितीदा तरी ती ड्युटी केली आहे. मला वाटलं ती प्रथेला शिव्या घालेल. तिनं घातल्या नाहीत. "चंडी मातेवर माही श्रद्धा आहे," ती म्हणाली. "पण देवी म्हणत असेल का, की त्या दिवशी बाळंतिणीनं थांबावं?" तिचा हिशोब साधा. त्या एका दिवशी डॉक्टर, सुया, टाक्यांचा दोरा, रक्त, सगळं नदीकडे जातं. ज्याला सकाळी टाके घातले तोच दुपारी डोक्याला पट्टी बांधून पुन्हा पात्रात दिसतो. वर्षभर डॉक्टर कमी पडतात म्हणून आपण ओरडतो आणि एक दिवस मिळालेले सगळे डॉक्टर आपणच दगडांना देतो. हे ती पट्टी बांधता बांधता पोरांना ऐकवते. ऐकतात का? "टाका घालेपर्यंत ऐकतात."

तिचा स्वतःचा दिवस

सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ, रात्रपाळी आठ ते आठ. रात्रपाळीनंतर घरी येऊन पोराचा डबा. त्याची यंदा दहावी. पायांच्या शिरा फुगल्या आहेत, उभं राहून. ती दुसऱ्यांचं बीपी दिवसाला साठ वेळा मोजते आणि स्वतःचं शेवटचं कधी मोजलं ते तिला आठवेना. आईनं घरातलं मशीन आणून तिथंच तिच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा १४८ आला. ताई म्हणाली, "मशीन खराब आहे." आई म्हणाली, "पेशंट पण असंच म्हणतात ना?" त्या तीन दिवसांत ताई फक्त तेवढ्या एका वेळी निरुत्तर झाली. दिवाळीनंतर तिनं डॉक्टरांना दाखवलं, गोळी सुरू झाली.

पोरानं काय व्हावं, असं विचारलं तर म्हणाली, काहीही होऊ दे, फक्त दवाखान्यात आल्यावर सिस्टरला "ओ मॅडम, किती वेळ" असं न ओरडता आधी नमस्कार म्हणणारा होऊ दे.

बाहेर राहणाऱ्यांसाठी ताईची यादी

लेखात हे टाकायचंच, अशी तिची तिसरी अट होती. म्हणून जसं सांगितलं तसं देतो.

एक, आई-वडिलांच्या आधारला त्यांचाच मोबाईल नंबर जोडा, आणि तो फोन त्यांच्याच खिशात राहू द्या. तुमचा नंबर जोडला असेल तर या सुट्टीत आधार केंद्रावर जाऊन बदला.

दोन, आधार, समग्र किंवा रेशनकार्ड आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवून पाहा. आजारी पडण्याआधी.

तीन, ७० वर्षं पूर्ण असतील तर वय वंदना कार्ड काढून ठेवा. ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे का, ते विचारा.

चार, चालू गोळ्यांची नावं, ॲलर्जी आणि जुनी ऑपरेशनं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो देवघराशेजारी चिकटवा. ॲपमध्ये ठेवा हवं तर, पण रात्री दोन वाजता शेजाऱ्याला कागद सापडतो, तुमचा पासवर्ड सापडत नाही.

पाच, शेतात साप चावला तर दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, कोणा बाबाकडे न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात. विषावरची लस तिथं फुकट मिळते.

सहा, "तब्येत कशी आहे?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "मस्त" असंच येतं. "आज किती जिने चढले? रात्री किती वेळा उठले? गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या?" असं विचारा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना आधार केंद्रावर नेलं आणि त्यांच्या स्वतःच्या फोनचा नंबर जोडला. तिथंही रांग होती, आम्ही तीन तास बसलो. बाबांनी त्या तीन तासांत मला बागेबद्दल, कर्जाबद्दल आणि त्यांच्या दुखण्याबद्दल जेवढं सांगितलं, तेवढं गेल्या पाच वर्षांत फोनवर सांगितलं नव्हतं. महिन्याभरात कार्ड निघालं. डिसेंबरात नागपूरला ऑपरेशन झालं. मी आठ दिवस रजा घेऊन दवाखान्यात होतो. ताई एक रात्र थांबायला आली आणि तिथल्या सिस्टरांना आधी नमस्कार म्हणाली.

नावं जुळवायचा तो छोटा प्रोग्राम मी लिहायला घेतला आहे. 'ज्ञ' आणि 'ळ' झालं, मधल्या नावाचं काम चालू आहे. आपल्या मंडळात कोणाला या कामात हात लावायचा असेल, किंवा आपल्या घरातल्या नावांचे असे गोंधळ पाठवायचे असतील, तर जरूर कळवा. जितकी आडनावं येतील तितकं बरं.

हा लेख पाठवण्याआधी ताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लांब झाला. पोट्टे एवढं वाचतील का?" मग थोडं थांबून, "फोनचं मात्र वर टाक. बाकी नाही वाचलं तरी चालते."